कार्डाबरोबर आलेल्या कड्या

क्रेडिट कार्ड निवडायला दादाने तेवीस दिवस घेतले. 'मला लग्नाचं विचारायला या माणसाला दोन दिवससुद्धा लागले नव्हते,' असं वहिनी भेटेल त्याला सांगत सुटली होती.

पण दादा होताच तसा. शाळेत गणित शिकवणारा माणूस. कुठल्याही गोष्टीचा कीस काढल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि 'मास्तर, चालायला लागा, नाहीतर आमच्याकडे मुक्कामाला या' असं बजावलं. दादा चालायला लागला. रस्त्यावरून टेकडीवर गेला, टेकडीवरून डोंगरावर, आणि बावन्नाव्या वर्षी बुटांच्या तळव्यांवर तासभर बोलू शकणारा माणूस होऊन बसला. मग बूट आले, तंबू आला, दोर आला. इतकी खरेदी होतेच आहे तर तिच्यावर काहीतरी परत मिळवावं, असं त्याच्या हिशेबी डोक्याने घेतलं आणि कार्डाचं खूळ सुरू झालं.

तीन कार्डं शर्यतीत होती. एक विमानवालं: त्याच्या पॉइंटांवर तिकिटं मिळायची. दुसरं पेट्रोलवालं. आणि तिसरं डोंगरवालं: दोर, बूट, तंबू, डोंगरातल्या खोल्या, अभयारण्याचं प्रवेशशुल्क, या सगळ्यावर तिप्पट पॉइंट, आणि कार्ड घेतल्याबरोबर 'भटक्यांसाठी स्वागतभेट'. दादाने अकरा रकान्यांचा तक्ता करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला होता. चहा गाळताना वहिनीला नको नको ते व्याजदर पाठ झाले.

त्याने तो तक्ता बहिणीलाही दाखवला. बहीण त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी. खरं तर ती आत्या फक्त दादाच्या मुलीची, चिंगीची. पण चिंगी लहानपणी तिच्या कामावर येऊन 'आत्या, आत्या' करत हिंडायची, तेव्हापासून तिच्या हाताखालची माणसंही तिला आत्याच म्हणायला लागली. तिचं काम उंच इमारतींच्या बाहेरून दोराला लोंबकळून काचा धुण्याचं, फटी बुजवण्याचं. वीस वर्षांत तिच्या तुकडीतल्या एकाचंही नख तुटलं नव्हतं, कारण तिथे एकच कायदा होता: एकाने बांधायचं, दुसऱ्याने तपासायचं. बांधणारा कुणीही असो.

तक्ता बघून ती म्हणाली, "तुला काय लागतं ते आधी लिही, मग कार्ड बघ. ते काय देतात यावरून तुला काय लागतं ते ठरवू नकोस."

"म्हणजे विमानवालं घेऊ?"

"तू कुठे विमानात बसतोस?"

दादाने अर्थातच डोंगरवालं घेतलं. भटकंतीच्या सामानाच्या दुकानात बँकेचं टेबल लागलेलं असायचं. टाय लावलेला एक मुलगा तिथे अर्ज भरून घ्यायचा. दादाने त्याला अर्धा तास भंडावून सोडलं. स्वागतभेटीत एक पाठपिशवी होती, पाण्याची बाटली होती आणि निळ्याशार रंगाच्या दोन कॅराबिनर होत्या. म्हणजे दोर अडकवायच्या, उघडझाप होणाऱ्या आणि फिरकीने बंद होणाऱ्या कड्या. दादाने कडी हातात घेऊन विचारलं, "हे खरं सामान आहे ना?" मुलगा म्हणाला, "एकदम प्रोफेशनल, सर." दादाने सही केली. त्याच संध्याकाळी आपल्या भटक्यांच्या गटावर त्याने तक्ता पाठवून दिला, आणि मास्तरांनी एवढा अभ्यास केलाय म्हटल्यावर आणखी सात जणांनी डोळे मिटून तेच कार्ड घेतलं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं.

पुढच्या रविवारी गटाबरोबर गेले असताना दादाने एका झाडाला दोर बांधला. आत्याने जवळ जाऊन गाठ पाहिली, एक शब्द न बोलता सोडली आणि पुन्हा बांधली. पंधरा माणसांच्या देखत. गाठ चुकीची नव्हती, नुसती ढिली होती. दादा तेव्हा काही बोलला नाही. घरी आल्यावर मात्र तिला म्हणाला, "मी वर्गात कुणाची वही अशी भिरकावून देत नाही."

त्यानंतर चार दिवसांनी वहिनीचा फोन आला. "अगं, त्यांचा फार जीव लागलाय या सगळ्यात. तू आलीस की ते दहावीतल्या पोरासारखे दिसायला लागतात. या रविवारी आपण चौघंच जाऊ या. त्यांना एकदा सगळं एकट्याने करू दे. तू बघू नकोस."

आत्याला ते पटलं नाही. पण गाठ सोडतानाचा दादाचा चेहराही तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ती म्हणाली, "बरं. नाही बघत."

रविवारी सकाळी ते कड्याशी पोचले. साठ-पासष्ट हात उंच, करड्या दगडाचा सरळ कातळ. खाली बाभळीची विरळ सावली. वर जायला मागून फिरून येणारी पायवाट होती, चांगली वीस मिनिटांची. दादा दोर आणि पिशवी घेऊन त्या वाटेने वर गेला. कड्याच्या माथ्यावर दगडात ठोकलेले दोन बोल्ट होते. त्यांना पट्ट्या लावायच्या, पट्ट्या मध्ये एकत्र आणायच्या, तिथे कड्या अडकवायच्या आणि कड्यांतून दोर ओवून त्याची दोन्ही टोकं खाली सोडायची. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं खाली उभं राहून दोर धरणाऱ्याकडे. चढणारा घसरला तर वरच्या कड्या त्याला तोलून धरतात. सगळा भरवसा त्या कड्यांवर.

दोराची टोकं खाली आली. पाठोपाठ दादा घामाघूम होऊन आला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की आत्याला आपण कबूल केलं याचं बरंच वाटलं. आपण वर जाऊन बघितलं नाही ही गोष्ट तिला बुटात खडा गेल्यासारखी टोचत होती, पण तिने ती तशीच टोचू दिली.

चिंगी चढायला लागली. सतरा वर्षांची, काटकुळी, हातापायांची लांब. दोर आत्याने धरला. दादा बाजूला मान वर करून उभा. वहिनी सावलीत पंचा अंथरून बसली. अर्ध्यावर चिंगीने "दम खाते" म्हणून दोरावर बसून घेतलं. दोर ताणला गेला, वरून एक बारीकसा 'टक्' आवाज आला. दोर दगडावर बसला असेल, असं आत्याला वाटलं. चिंगी पुन्हा चढायला लागली.

वहिनी औषधांच्या दुकानात काम करायची. कागदाचा चिटोरा दिसला की तो उलगडून वाचल्याशिवाय तिचा हात राहायचा नाही. एकोणीस वर्षं औषधांच्या खोक्यातल्या घड्या उलगडून तिला ते वळण लागलं होतं. पाण्याची बाटली काढायला तिने दादाची नवी पाठपिशवी पुढे ओढली. आतल्या कप्प्यात एक रिकामी कापडी थैली होती आणि थैलीच्या तळाशी नखाएवढी घडी घातलेला कागद. वहिनीने तो उलगडला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचला. मग उठून आत्याजवळ आली.

"हे बघ काय लिहिलंय," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

आत्याचे दोन्ही हात दोरावर होते. "वाचा तुम्ही."

"'ही वस्तू किल्ल्या, बाटली व तत्सम हलके सामान अडकवण्यासाठी आहे. माणसाचे वजन पेलण्यासाठी वापरू नये.'"

आत्याने मान वळवली नाही. नजर चिंगीवर ठेवूनच तिने विचारलं, "दादा, निळ्या कड्या कुठे आहेत?"

"वर."

"वर कुठे?"

"मध्ये. दोर त्यांच्यातूनच ओवलाय." दादा अजून हसत होता. "सारख्या दिसतात म्हणून दोन्ही तिथेच लावल्या. तू दिलेल्या पोलादी दोन्ही बोल्टांना..." आणि मग त्याला वहिनीच्या हातातला कागद दिसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला.

 मघाचा तो 'टक्' आवाज आता आत्याला कळला.

वर चिंगी पंचेचाळीस-पन्नास हातांवर होती. दोन्ही पाय बोटभर खोबणीत, टाचा थरथरायला लागलेल्या. ती ओरडली, "आत्या, पाय भरून आलेत. बसते गं जरा दोरावर."

"बसू नकोस!"

आवाज चाबकासारखा गेला. चिंगी दचकून दगडाला चिकटली.  आत्याने डोळे मिटून उघडले. कामावर वर लटकलेल्या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती. खोटं कळलं की माणूस दुसऱ्यांदा सांगितलेलं ऐकत नाही. पण कामावर वर लटकलेलं माणूस तिच्या भावाची मुलगी कधी नव्हतं.

"चिंगे, ऐक," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "वरच्या कड्या बरोबर नाहीत. वजन टाकलंस तर तुटतील. दोर नाहीच आहे असं समज. कळलं?"

वरून काही आवाज आला नाही.

"कळलं का?"

"कळलं." एवढासा आवाज.

"तुझ्या डोक्याच्या वर, उजव्या अंगाला एक आडवी चीर आहे. दिसते?"

"हो."

"तिच्याखाली पाऊल मावेल एवढा टप्पा आहे. मी त्यावर उभी राहून पाणी प्यायलेय. तुला तिथे पोचायला दोन पावलं लागतील. फक्त दोन. उजवा हात चिरेत घाल. पार कोपरापर्यंत."

चिंगीने हात उचलला. तो पोचला नाही. तिने पुन्हा खाली आणला आणि कपाळ दगडाला टेकलं.

"जमत नाही, आत्या."

"आधी पाय. हात नंतर. डाव्या पायाला गुडघ्याच्या उंचीवर एक टेंगूळ आहे. बघ."

चिंगीने पाहिलं. पाय उचलला. बूट टेंगळावरून सटकला आणि चार-दोन खडे खाली आले; वहिनीने तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबली. बूट पुन्हा टेंगळावर गेला, या वेळी बसला. चिंगी उठली. तिचा हात चिरेत गेला, कोपरापर्यंत गेला, आणि मग दुसरा पाय वर आला. ती टप्प्यावर पोचली होती. टप्पा म्हणजे काय, वीतभर रुंद दगड. पण दोन्ही पावलं त्यावर सपाट टेकली होती.

"शाब्बास. आता हलायचं नाही. मी वर येतेय."

"मी जातो," दादा म्हणाला. तो वाटेकडे निघालाही होता.

"वाटेने वीस मिनिटं लागतील. तोवर तिचे पाय टिकणार नाहीत."

"मी पळत जाईन."

"दादा, तू पळालास तर मला दोघांना खाली आणावं लागेल. दोर धर." तिने त्याच्या हातात दोर दिला.  "ताणायचा नाही. सैल ठेव, पण सोडू नकोस. मी वरून सांगेन तेव्हाच ओढ."

"मला नको देऊस," दादा कुजबुजला. "माझ्या हातात नको."

"तुझ्याच हातात. दुसरं कोण आहे?"

कड्याच्या डाव्या अंगाला एक घळ होती. अवघड नव्हती, पण तिथून दोराशिवाय चढणं हे शहाण्या माणसाचं काम नव्हतं. आत्याने कमरेच्या दोन पोलादी कड्या चाचपल्या आणि घळीत शिरली. तिच्या मागे वहिनीचा आवाज ऐकू आला. तो आता चढा होता, दुकानात गर्दीच्या वेळी असतो तसा.

"चिंगे! दुकानातलं डावीकडचं कपाट. वरच्या कप्प्यात काय?"

"आई, आत्ता?"

"आत्ताच. वरच्या कप्प्यात काय?"

लहानपणी शाळा सुटली की चिंगी दुकानात स्टुलावर बसून असायची. तिला सगळी कपाटं तोंडपाठ होती.

"खोकल्याची," वरून रडवा आवाज आला. "कोरड्या खोकल्याची पुढे. ओल्या खोकल्याची मागे."

"त्याखाली?"

"तापाची. गोळ्या डावीकडे... लहान मुलांची औषधं उजवीकडे."

"त्याखाली? मोठ्याने सांग, मला ऐकू येत नाही."

आत्या त्या आवाजाच्या तालावर चढत होती. मलमं. पट्ट्या. डोळ्यांत घालायचे थेंब. घळीतला दगड सकाळच्या ओलीने अजून बुळबुळीत होता. एकदा तिचा पाय सुटला आणि हनुवटी दगडावर आपटली. तोंडात रक्ताची चव आली. ती थांबली नाही. वहिनीला आपण कबूल केलं होतं म्हणून नव्हे, दादाला वाईट वाटू नये म्हणून आपण आपला कायदा मोडला, हे तिच्या डोक्यात घुमत होतं. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

"पोटाची!" चिंगी ओरडत होती. "पित्ताची आधी! आई, माझा उजवा पाय सुन्न झालाय!"

"पित्तानंतर काय?"

माथ्यावर आल्याबरोबर आत्या पोटावर आडवी झाली आणि कडेवरून खाली झुकली. पट्ट्या नीट होत्या. बोल्टांना पोलादी कड्या, त्यांची फिरकी घट्ट लावलेली. गाठीही चोख, दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या लांबीच्या. दादाने मोजून केलं असणार. आणि खाली, जिथे सगळा भार यायचा तिथे, त्या दोन निळ्या कड्या. एकीने आ वासला होता. तिची उघडझाप करणारी दांडी खिळ्यातून निसटून नुसती लोंबत होती आणि दोर केवळ तिच्या बाकात पडून राहिला होता. दुसरीची दांडी वाकडी झाली होती आणि फिरकीशी केसाएवढी चीर गेली होती. मघाशी चिंगी अर्ध्यावर बसली तेवढ्याने एवढं झालं होतं. आणखी एकदा बसली असती तर?

आत्याने तो विचार तिथेच तोडला. पोलादी कडी पट्ट्यांत अडकवली, दोर तिच्यात घेतला, फिरकी लावली. दुसरी कडी उलट्या तोंडाने लावली, फिरकी लावली. मग दोन्ही हिसडून पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या. कामावर दुसरं माणूस पाहतं. इथे दुसरं माणूस नव्हतं, म्हणून तिने हात बाजूला केले, दहा आकडे मोजले, आणि आपण आत्ताच आलो आहोत असं समजून सगळं पहिल्यापासून तपासलं.

"दादा, दोर घे! हळू!"

दोर सरकला, ताठ झाला.

"चिंगे, बस आता दोरावर."

चिंगी हलली नाही. तिने वर पाहिलं. तिच्या गालावर दगडाची भुकटी आणि ओघळ होते.

"नाही."

"बदलल्यात मी कड्या. पोलादी आहेत. माझ्या रोजच्या."

"तू स्वतः बघितलंस?"

"बघितलं. तीनदा."

"बाबाने पण बघितलं होतं ना?"

खाली दादाने ते ऐकलं. वर आत्याला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त टक्कल पडलेला माथा आणि दोर धरलेले दोन हात दिसत होते.

आत्याने आपल्या कमरेला बांधलेल्या हार्नेसची पट्टी त्याच मधल्या जागी अडकवली, पाय कड्याबाहेर टाकले आणि सगळं वजन तिथे सोडून लोंबकळली. "हे बघ. मी बसलेय याच्यावर. तुझ्या दुप्पट आहे मी."

चिंगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने चिरेतला हात काढला, सोललेलं कोपर छातीशी धरलं आणि डोळे मिटून मागे झुकली. दोर तिला घेऊन राहिला. दादाने तिला इतक्या सावकाश खाली आणलं, की वहिनीने शेवटचे चार हात बाकी असतानाच तिचे पाय धरले.

आत्या वाटेने उतरून आली तेव्हा तिघं एकमेकांना धरून जमिनीवर बसले होते. कुणी रडत नव्हतं. चिंगी पाणी पीत होती आणि तिचे दात बाटलीवर वाजत होते. आत्याच्या खिशात त्या दोन निळ्या कड्या होत्या. दाखवाव्या की दरीत भिरकावून द्याव्या, हा विचार ती वाटभर करत आली होती. दादाची छाती, डॉक्टरांनी सांगितलेलं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. शेवटी तिने त्या काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या.

दादाने आ वासलेली कडी बराच वेळ पाहिली. लोंबणारी दांडी बोटाने हलवली.

"मी त्याला विचारलं होतं," तो म्हणाला. "खरं आहे ना म्हणून विचारलं होतं मी."

"हो."

"पण तुला विचारलं नाही."

"मीही बघायला आले नाही, दादा. तो दोष माझ्याकडे."

"मीच तिला बघू नको म्हटलं होतं," वहिनी म्हणाली.

 मग दादा एकदम ताठ झाला. "सात जण," तो म्हणाला. "माझ्या तक्त्यावरून सात जणांनी घेतलंय."

फोनला तिथे रेंज नव्हती. ते जवळजवळ धावतच गाडीतळावर आले. दादा गाडीच्या पुढच्या सीटवर दार उघडं टाकून बसला आणि एकेकाला फोन लावू लागला. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात तो प्रत्येकाला तेच सांगत होता: निळ्या कड्या वापरू नका, माझी मुलगी आज मरता मरता वाचली, चूक माझी. पाच जण घरीच होते. सहावी दातांची डॉक्टर. तिने थैली अजून उघडलीही नव्हती. सातवा बेकरीवाला. त्याचा फोन नुसता वाजत राहिला.

"तो दर रविवारी भावांना घेऊन नदीपलीकडच्या सुळक्यावर जातो," दादा म्हणाला. त्याने पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चिंगी मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, पण तिचे डोळे उघडे होते. आत्या बॉनेटला टेकून उभी राहिली. त्या पाऊण तासात दादाने किती वेळा फोन लावला ते कुणी मोजलं नाही. वरच्यापेक्षा ही पाऊण तासाची घालमेल वाईट, असं आत्याला वाटलं. वर निदान हातांना काम होतं.

शेवटी फोन उचलला गेला. "काय मास्तर, घरात आग लागली की काय? भट्टीवर होतो मी."

"त्या निळ्या कड्या कुठे आहेत?"

"कुठल्या? त्या होय. कुत्र्याच्या पट्ट्याला लावल्यात. का हो?"

 वहिनीने त्याच्या हातातून फोन घेतला. "काढून टाका त्या," ती म्हणाली. "आणि कुत्रा कुठे आहे?"

"माझ्या पायाशी. बिस्किटं खातोय."

वहिनी हसायला लागली आणि हसता हसता तिला पहिल्यांदा रडू कोसळलं. चिंगी उठून बसली आणि आईची पाठ थोपटू लागली.

दादाचं मात्र संपलं नव्हतं. कार्डाच्या मागे मदतीचा नंबर छापलेला होता. त्याने तो लावला, फोन मोठ्या आवाजावर ठेवून पुढ्यात धरला, आणि चार वेळा वेगवेगळे आकडे दाबल्यावर एका बाईंचा गोड, पाठ केलेला आवाज आला.

"नमस्कार सर, कार्ड बंद करण्याविषयी आहे का?"

"लिहून घ्या," दादा म्हणाला. आणि त्याने सांगितलं. तारीख, जागा, उंची, कागदावरचं वाक्य, टेबलावरच्या मुलाचं उत्तर. फळ्यावर पायरी पायरीने गणित सोडवावं तसं, एकही पायरी न गाळता. मध्ये एकदाच त्याचा आवाज फाटला, मुलीचं वय सांगताना. "ही भेट देणं आजच थांबलं पाहिजे. आणि ज्यांना दिलीय त्या प्रत्येकाला कळवलं पाहिजे. 'भटक्यांसाठी' म्हणून तुम्ही ती देता. भटका माणूस तिला किल्ल्या लावेल असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

 लाइन तुटली असं वाटून दादाने फोन कानाशी नेला.

"सर," बाई म्हणाल्या. आता आवाज पाठ केलेला नव्हता. "माझ्या धाकट्या भावाला मीच घेऊन दिलंय हे कार्ड. आम्हाला कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी... तो चढाईला जातो. आज रविवार आहे."

आत्या बॉनेटपासून सरळ झाली.

"मग आधी त्याला फोन करा," दादा म्हणाला.

"तुमची तक्रार अर्धी राहिलीय, सर. फोन ठेवला तर नोंद पुसली जाते."

"मी ठेवत नाही. तुम्ही मला थांबवून ठेवा आणि त्याला लावा. मी इथेच आहे."

"नियमात बसत नाही, सर."

"बाई, लावा."

टिक असा आवाज झाला आणि फोनमधून बँकेचं संगीत वाजायला लागलं. तीच तीच चार सुरांची धून, संपली की पुन्हा पहिल्यापासून. दादाने फोन दोन्ही हातांत धरला होता. वहिनीने गाडीचं दार हलकेच ओढून घेतलं, वाऱ्याचा आवाज नको म्हणून. आत्या आत येऊन स्टीअरिंगमागे बसली, पण तिने किल्ली फिरवली नाही. चिंगी पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकून बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिली.

धून पाच वेळा वाजली. सहा वेळा. सातव्यांदा मध्येच तुटली.

"सर?"

"बोला," दादा म्हणाला.

"उचलला, सर. खाली होता. दोर बांधत होता."

बाईंना पुढे बोलवेना. दादाने मान हलवली, जणू त्यांना ती दिसणार होती. मग म्हणाला, "सावकाश घ्या. पाणी प्या. मला घाई नाही."